लखमीआत्याचा माळ

आषाढात आमच्या घरी दोन्ही वेळा चूल पेटेलच याची खात्री नसायची. बाबा गवंड्याच्या हाताखाली बिगारी. पाऊस लागला की बांधकामं बंद, आणि बांधकाम बंद म्हणजे बाबा घरी. आई बोरिवली पूर्वेच्या टॉवरमध्ये तीन घरची भांडी घासायची. पण आमच्या पाड्याखालच्या ओढ्याला पाणी चढलं की तिला उतरता यायचं नाही, आणि दोन खाडे झाले की तिथल्या मॅडम दुसरी बाई बघायच्या. छपरावर निळं प्लास्टिक, प्लास्टिकवर दगड. टॉवरमधल्या लोकांना आमचा पाडा वरून कसा दिसत असेल, याचा मी लहानपणी फार विचार करायचे. बहुतेक दिसतच नसावा.

आम्ही वारली. पाड्यात चाळीस-पंचेचाळीस घरं. घरांच्या मागे एक उतार आहे, त्याला आम्ही नुसतं माळ म्हणतो. त्याच्या तिन्ही बाजूंना दाट जंगल, मध्ये हा उघडा, गवताचा. पाऊस सुरू होऊन आठवडा झाला की त्या गवतातून फोडशीची पाती वर यायची, कोवळी, लांब, कांद्याच्या पातीसारखी. बोरिवलीच्या बाजारात बायका तिच्या जुडीसाठी थांबून राहतात. आमच्या दारातून ती भाजी दिसायची, आणि आम्ही नागलीची पेज पिऊन बसलेलो असायचो. कारण लखमीआत्याने अजून माळ उघडलेला नसायचा.

आमच्यात कवळ्या भाजीची पूजा झाल्याशिवाय पावसातली कोवळी भाजी कोणी खुडत नाही. पूजा गावदेवीपुढे भगत करतो. पण दिवस भगत ठरवायचा नाही, लखमीआत्या ठरवायची. ती रोज सकाळी माळावर जायची, चार ठिकाणी बसायची, पाती बोटांनी चाचपायची आणि खाली येऊन भगताला म्हणायची, "अजून नाय." एखाद्या वर्षी हे "अजून नाय" पंधरा दिवस चालायचं.

मी चौथीत असताना आईचा तोल सुटला. लहान भाऊ भुकेने रडत होता. आई दारात उभी राहून, सगळ्या पाड्याला ऐकू जाईल अशी ओरडली, "पोरं उपाशी आणि हिचा माळ बंद! माळ काय हिच्या बापाचा हाय?"

आत्या शेजारीच राहायची. ती बाहेर आली. ठेंगणी, काळी कुळकुळीत, कमरेला विळा, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. आम्हाला वाटलं आता भांडण. ती म्हणाली, "बापाचा नाय. म्हणून तर बंद हाय." आणि आत जाऊन नागलीच्या पिठाचं मडकं घेऊन आली, वर पानात गुंडाळलेले सुके बोंबील. ते आईच्या हातात दिलं. "माळ नाय उघडायचा गं. माझं घर उघडं हाय. संपलं की पुन्हा ये."

आईने ते घेतलं. तिने आत्याला माफ केलं की नाही माहीत नाही, पण बोंबील भाजताना ती रडत होती आणि हसतही होती. नंतर कळलं की त्या आठवड्यात आत्याने असंच चार घरी दिलं होतं, आणि ती स्वतः करांद्याचे रानकंद उकडून खात होती.

आत्या बोलायची ती आमची बोली. इथे लिहिताना मी ती थोडी सोपी केली आहे, नाहीतर कोणाला कळायचं नाही. तिचं बोलणं मुळातच कमी. नवरा लवकर गेला. मुलगा जोगेश्वरीला रिक्षा चालवतो, तो तिला कायम बोलवायचा. ती एकदा जाऊन राहिलीही. तिसऱ्या दिवशी परत. आम्ही विचारलं, काय झालं आत्या? म्हणाली, "तिथं सगळं बारा महिने मिळतं. मग वाट कशाची बघायची?"

माळावर जाताना आम्ही बायका-मुली एका रांगेत जायचो. आत्या सगळ्यात शेवटी. मोठी माणसं पुढे असायला हवीत असं मला वाटायचं, म्हणून मी एकदा तिला विचारलं. ती म्हणाली, "पुढची बाई भाजी बघते. मागची बाई काय उरलं ते बघते." आणि खरंच, एखादीने एकाच जागची सगळी पाती कापली की मागून आवाज यायचा, "सुमे, तिथं टक्कल पाडलंस!" सुमी माझी मैत्रीण. तिचं नाव पाड्यात टकली पडलं ते असं.

नियम फार नव्हते, पण त्यात सूट नव्हती. पाती विळ्याने कापायची, मूळ हलवायचं नाही. पांढरं फूल दिसलं की हात मागे घ्यायचा, मग ती भाजी त्या वर्षापुरती संपली. दिवाळीनंतर सगळ्यांनी मिळून माळावरचं गवत कापायचं, म्हणजे ऊन मुळापर्यंत जातं आणि झुडपं माजत नाहीत. करांद्यासारखा कंद खणला तर त्याचं कोंबाचं डोकं कापून त्याच खड्ड्यात परत ठेवायचं आणि माती टाचेने दाबायची. हे दाबणं आत्या स्वतः दाखवायची. टाच रोवून अर्धी गिरकी घ्यायची, नाचल्यासारखी. "डोकं त्याचं, पोट आपलं," असं म्हणायची. लहान मुलांना हे इतकं आवडायचं की खड्डा नसला तरी ती गिरक्या घेत फिरायची.

नियम मोडला तर दंड होता, पण पैशांचा नाही. माळ बंद असताना भाजी खुडली तर ती गावदेवीपुढे ठेवायची, कोणी खायची नाही, आणि घरोघर जाऊन आपल्या तोंडाने सांगायचं, मी खुडली. मूळ उपटलं तर त्याहून मोठा दंड: तो सगळा हंगाम माळावर पाय ठेवायचा नाही.

पहिला दंड मी डोळ्यांनी पाहिला तो आत्याच्या जावयाला झालेला. तिची मुलगी मुलुंडच्या बाजूच्या पाड्यात दिली आहे. लग्नानंतरच्या पहिल्या पावसात जावई आले, नवा चौकड्यांचा शर्ट, केसांना तेल, आणि हातात फोडशीची ही मोठी जुडी. माळावरून उतरताना सासूबाईंना आवडते म्हणून खुडून आणली. आत्याने जुडीकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं.

"कुठून आणली?"

"हितलीच, माळावरची. ताजी हाय."

"आमचा माळ अजून बंद हाय, जावईबापू."

जावई हसले. त्यांना वाटलं सासू गंमत करते. आत्याने त्यांना पाणी दिलं, बसायला घोंगडी दिली आणि म्हणाली, "पाणी प्या. मग निघा. खालच्या घरापासून सुरू करा, वरपर्यंत या."

मुलगी मध्ये पडली, "आये, जावई हाय गं तो!"

"जावई माझ्या घरी. माळावर तो माणूस."

त्या दिवशी आमच्या पाड्यात जी करमणूक झाली तशी लग्नातही होत नाही. जावई दारोदार जाऊन मान खाली घालून सांगत होते, "मी माळ बंद असताना भाजी खुडली." आणि प्रत्येक घर म्हणत होतं, "बरं झालं सांगितलंत, बसा, चहा घ्या." अकरा घरी चहा झाला. बाराव्या घरी त्यांनी हात जोडले, "दंड चालेल, चहा नको!" संध्याकाळी आत्याने त्यांच्यासाठी कोंबडी कापली आणि स्वतःच्या हाताने वाढली. आजही ते जावई आले की पोरं दारातून ओरडतात, "भावोजी, चहा?"

बाजारात मात्र आत्याचं वागणं उलटं. बोरिवलीला पुलाखाली ती गोणपाट टाकून बसायची, समोर पळसाच्या पानांवर जुड्या. एक मालवणी काकू तिची ठरलेली गिऱ्हाईक. माळ उघडायच्या आधीपासून त्या फेऱ्या मारायच्या.

"गे बाय, फोडशी हाडलंस काय?"

"आज नाय, काकू. माळ बंद."

"माळाक काय कुलूप घातलंस?"

"घातलंय."

"नि चावी खंय?"

"देवीकडं. तुमची ओळख असंल तर विचारून बघा."

काकू शिव्या घालत जायच्या आणि दोन दिवसांनी परत यायच्या. माळ उघडल्यावरची पहिली जुडी आत्या त्यांच्यासाठी बाजूला ठेवायची, पण हे त्यांना कधी सांगायची नाही. त्यांनी मागितली की नाक मुरडत, जणू उपकार म्हणून, गोणपाटाखालून काढायची.

मी दहावी झाले, बारावी झाले. आमच्या पाड्यातून कॉलेजात गेलेली मी पहिली. बी.एस्सी.ला वनस्पतीशास्त्र घेतलं. आत्याने विचारलं, "तिथं काय शिकवतात?" मी म्हटलं, झाडं. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मग एकदा मी वर्गात शिकून आले की काही वेलींमध्ये नर वेगळा आणि मादी वेगळी असते, आणि मोठ्या तोऱ्यात तिला सांगायला गेले. कंटोळीच्या वेलीजवळच बसली होती ती. म्हणाली, "हा नर. हा फळ देत नाय. पण हा उपटला तर त्या चार बाया वांझ. हे शिकायला तुला टॉवरपलीकडं जायला लागलं व्हय गं?"

मला राग आला. खोटं कशाला सांगू, त्या दिवसांत मला आत्याची थोडी लाजही वाटायची. मला वाटायचं, आता जे खरं आहे ते मला पुस्तकातून कळतंय. फोडशीच्या कुळातल्या एका मुसळीच्या शास्त्रीय नावात आमची बोरिवली आहे, हे सरांनी फळ्यावर लिहिलं तेव्हा मी छाती फुगवून बसले होते. पण ती मुसळी आणि घरामागची भाजी एकाच घरच्या आहेत, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

पुढची चूक त्यातूनच झाली. ती माझी.

दुसऱ्या वर्षाला आमच्या सरांनी वर्गात विचारलं, कॉलेजातर्फे पाचशे झाडं लावायची आहेत, कोणाला मोकळी जागा माहीत आहे का? मी हात वर केला. आमच्या पाड्यामागे अख्खा उतार मोकळा पडलाय, मी सांगितलं. वर्गात पहिल्यांदाच माझ्याकडे सगळ्यांना देण्यासारखं काहीतरी होतं. सरांनी टाळ्या वाजवायला लावल्या. जमीन सरकारी. सरांनी अर्ज केला आणि मे महिन्यात परवानगीचा कागद आला. त्यावर माळाचं नाव होतं 'मोकळी पडीक जमीन'. सर चार मुलांना घेऊन आले आणि भर उन्हात चुन्याची फक्की टाकून गोल आखून गेले. मे महिन्यात माळ तसा दिसतोही, पिवळा आणि ओसाड. मी त्यांच्याबरोबर फिरत होते, आणि मला अभिमान वाटत होता.

संध्याकाळी आत्या माझ्या दारात आली.

"ते पांढरं कुनी केलं?"

"आमच्या कॉलेजने. झाडं लावणार आहेत, आत्या."

"कुनी सांगितलं जागा हाय म्हणून?"

ती माझ्याकडे बघत राहिली. तिने मला चापट मारली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "तुला तर मी दरवर्षी नेली होती गं माळावर."

त्या रात्री मी जेवले नाही. एकेका गोलात काय काय झोपलेलं आहे ते मला तेव्हा दिसायला लागलं. पाचशे खड्डे, प्रत्येक खड्डा हातभर खोल. आणि झाडं जगली तर सावली, आणि सावलीत फोडशी राहत नाही. म्हणजे माळ गेला. आणि आषाढात पाड्यातल्या बायकांच्या हातात जे येतं, माझी वह्या-पुस्तकं ज्यातून आली, ते गेलं.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात गेले. सर वाईट नव्हते, पण म्हणाले, "अगं, परवानगी आली, रोपं ठरली, पाहुणे ठरले. आणि झाडं लावल्याने कोणाचं नुकसान होतं का कधी?" पाड्यात बाबा आणि इतर माणसं म्हणाली, बोलायचं नाही. कागद सरकारचा. आपल्या घरांना कागद नाही. आज माळासाठी तोंड उघडलं तर उद्या घरांवर येतील. भीती खोटी नव्हती. आत्या त्या बैठकीत कोपऱ्यात बसून होती. तिने कोणाला दोष दिला नाही. उठताना म्हणाली, "तुम्ही नका बोलू. मी बी नाय बोलत."

पाऊस लागून आठवडा झाला आणि एका रविवारी कॉलेजचा ट्रक पाड्याखाली आला. साठेक मुलं, हिरवे टी-शर्ट, कुदळी, फावडी, रोपांच्या काळ्या पिशव्या आणि एक मोठा प्लास्टिकचा बॅनर. माळावर बोटभर फोडशी आली होती. माळ अजून बंद होता. फक्की वाहून गेली होती, पण सरांकडे नकाशा होता. मी मुलांच्या मागे उभी होते आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

आत्या आधीच वर होती. तिने वहाणा नेहमीसारख्या खालच्या खडकाजवळ काढल्या होत्या. तिने सरांना विचारलं, "पहिला खड्डा कुठं?"

सरांनी नकाशा बघून दाखवला. त्यांना वाटलं पाड्यातली म्हातारी शुभारंभ करतेय. त्यांनी स्वतः कुदळ तिच्या हातात दिली, एक मुलगा मोबाइलवर व्हिडिओ घ्यायला लागला. "आजी, थोडं इकडे बघा ना!"

आत्याने कुणाकडे बघितलं नाही. तिने खणायला सुरुवात केली. आमच्या पाड्यातल्या बायका खालून बघत होत्या, आणि पहिला घाव पडला तेव्हा माझी आई "अगं बाय" म्हणून खालीच बसली. कारण बंद माळावर, मुळासकट, लखमीआत्या खणत होती.

तिने सरांनी सांगितला तेवढाच खड्डा केला, हातभर लांब, हातभर रुंद, हातभर खोल. मग मुलांच्या हातून बॅनर मागून घेतला आणि गवतावर पसरला. आणि खड्ड्यातून निघालेलं एकेक त्यावर मांडायला लागली. फोडशीचे गड्डे, पांढऱ्या बोटांसारख्या मुळ्यांचे, एक, दोन, सात. शेवळाचे तीन कंद. हळदीसारखा दिसणारा रानहळदीचा गड्डा. दोन करांद्यांची डोकी, कोंब फुटलेली. "ही गेल्या साली सुमीनं दाबलेली," ती म्हणाली. प्रत्येकाचं नाव, कधी येतं, कधी खायचं, कधी नाही खायचं. बॅनरवरची पाहुण्यांची नावं झाकली गेली.

आत्याने हात लुगड्याला पुसले.

"हे एका खड्ड्यातलं, मास्तर. किती खड्डे हायत?"

"पाचशे," सर म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता.

"तुम्ही जास्त शिकलेले. तुम्हीच गुणा."

सर बॅनरजवळ खाली बसले. त्यांनी फोडशीचा एक गड्डा हातात घेतला आणि चष्मा काढून जवळून पाहिला. मग माझ्याकडे वळले. "हे... तू मला सांगितलं नाहीस?"

"मलाच कळलं नव्हतं, सर," मी म्हटलं.

"आजी, आम्हाला वाटलं जागा मोकळी आहे."

"तुम्ही मे महिन्यात आलात ना. मे महिन्यात तुमच्या बिल्डिंगीतली माणसं गावाला जातात, दाराला कुलूप असतं. मग ते घर मोकळं होतं का?"

एका मुलाने फिसकन हसून तोंड दाबलं. सरही हसले, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते उठले आणि मुलांना म्हणाले, कुदळी खाली ठेवा. पाहुणे यायचे होते त्यांना त्यांनी फोन केला, काय सांगितलं मला माहीत नाही.

आत्या झाडांची वैरी नव्हती. तिने रोपं बघितली. आवळा, जांभूळ, करंज चांगली म्हणाली; दोन परदेशी शोभेची झाडं होती त्यांना हात लावून विचारलं, "याचं काय खायचं?" काही नाही म्हटल्यावर म्हणाली, "मग ही तुमच्या कॉलेजात लावा. तिथं डबा मिळतो." आणि त्या साठ मुलांना घेऊन ती ओढ्यावर गेली, जिथे काठ दरवर्षी ढासळतो, आणि शाळेच्या वाटेवर, जिथे पोरं उन्हातून चालतात. दुपारपर्यंत रोपं लागली. मुलांनी टाच रोवून अर्धी गिरकी घेत माती दाबली. त्या गिरक्यांचा व्हिडिओ कॉलेजभर फिरला.

मुलं गेल्यावर तिने पहिल्या खड्ड्यात सगळं जसंच्या तसं परत लावलं आणि माती दाबली. आणि खाली येऊन पाड्याला सांगितलं, मी यंदाच्या हंगामात माळावर येणार नाही.

सगळे चिडले. भगत म्हणाला, "आत्या, तू माळ वाचवलास. तुला कसला दंड?"

"वाचवला म्हणून मूळ उपटलं नाय का?"

"देवीला सगळं कळतं."

"देवीला कळतं. पोरांना नाय कळत. त्यांनी बघितलं मला खणताना."

तो सगळा पाऊस ती माळावर गेली नाही. बाजारातही बसली नाही. विकायला काही नव्हतं. टॉवरच्या बागेत तण काढायला जायची, वाकून वाकून तिचं कंबरडं गेलं. मी माझ्या वाट्याच्या जुड्या तिच्या दारात ठेवल्या, तर तिने त्या माझ्या आईकडे परत दिल्या. "हिला म्हणावं, मला भाजी नको. माळावर काय काय हाय ते लिहून आण."

ते मी केलं. सर दर रविवारी यायचे. सरांच्या मागे मी, माझ्या मागे सुमी आणि पाड्यातल्या बायका. आम्ही माळाचे चौकोन पाडले आणि एकेका चौकोनात काय उगवतं ते लिहिलं. आत्या खालच्या खडकावर बसून असायची. आम्ही खाली येऊन वाचून दाखवायचो आणि ती म्हणायची, "कडेच्या करंजाच्या बाजूचं राहिलं," आणि आम्ही परत वर जायचो. फोडशी जिथे आमच्या बायका पिढ्यान् पिढ्या खुडतात तिथे दाट, आणि पलीकडे, जिथे कोणी जात नाही, तिथे झुडपं माजून ती जवळजवळ नाही, हे लिहिताना सर थांबले. मला म्हणाले, "मी वीस वर्षं शिकवतोय की माणूस हात लावतो तिथे जंगल संपतं. इथे हात आहे म्हणून आहे." मी ते आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "हात नाय. हात आवरला म्हणून."

यादीच्या खाली पाड्याचे नियम लिहिले, आत्याच्या शब्दांत, आणि प्रत्येक घरातल्या एका बाईचा अंगठा किंवा सही. ज्यांना कागदाची भीती वाटत होती त्यांच्याही. सरांनी ते सरकारी कचेरीत नेलं. बऱ्याच फेऱ्या झाल्या.

मी तिला माळाजवळ शेवटचं पाहिलं ते पुढच्या वर्षी, माळ उघडायच्या दिवशी. आता तिला उभं राहणं जमत नव्हतं, जावयाने तिला पाठीवर घेऊन खडकापर्यंत आणलं होतं. सकाळी भगताला विचारून मीच चार ठिकाणची एकेक पात, चाचपण्यापुरती, तिच्याकडे नेली. तिने ती बोटांनी चाचपली, एक नखाने मोडून बघितली आणि भगताकडे बघून मान हलवली. पूजा झाली. बायका रांगेने वर निघाल्या. मला वाटलं, आज तरी ती माझ्याकडे बघून काहीतरी बोलेल. पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. रांगेच्या शेवटी कोण आहे ते बघत होती. शेवटी सुमी होती. आत्याने पदर सारखा केला आणि ओरडली, "टकले, मागं बघत जा!"

त्या हिवाळ्यात ती गेली.

मी त्याच वर्षी बी.एस्सी. झाले, पाड्यातली पहिली. सुमीची धाकटी बहीण आता अकरावीला आहे. कचेरीतून पत्र आलं: माळ वृक्षलागवडीतून वगळला आहे, आणि पाड्याची यादी व नियम त्या जागेच्या कागदांना जोडले आहेत. माळ उघडायचा दिवस आता चार बायका मिळून ठरवतात. त्या उतारावर आजपर्यंत एकही झाड लावलं गेलेलं नाही, आणि फोडशी दर पावसाळ्यात येते.